बटण दाबल्यापासून चित्र दिसेपर्यंत : लिनक्स मिंट २२ आणि ग्राफिक्स ड्रायव्हरची आपोआप ओळख

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला आणि सांगलीतल्या अनेक लहान कार्यालयांपुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. हरभट रोडवरची डीटीपीची दुकाने, विश्रामबागेतले क्लास, मार्केट यार्डातल्या अडत पेढ्या येथे तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या इंटेल प्रोसेसरची मशीन अजून ठणठणीत चालतात; परंतु विंडोज ११ला साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागत असल्यामुळे ती अधिकृतपणे पुढे जाऊ शकत नाहीत. अशा मशीनवर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घालावी का, हे विचारणाऱ्यांची पहिली शंका ‘मराठी टाइप होईल का’ ही असते आणि दुसरी ‘डिस्प्लेचा ड्रायव्हर कुठून आणायचा’ ही. पहिल्या शंकेचे उत्तर आता सोपे झाले आहे. दुसरीचे उत्तर कार्डागणिक बदलते, म्हणून या परीक्षणाचा विषय मुद्दाम तेवढाच ठेवला आहे : बटण दाबल्यापासून पडद्यावर योग्य चित्र दिसेपर्यंत मिंट स्वतःहून काय ओळखते, काय निवडते आणि वापरणाऱ्याला त्यातले काय सांगते.

मिंट २२ ही आवृत्ती जुलै २०२४मध्ये आली. तिचा पाया उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सचा असून सुरुवातीला तिच्यात ६.८ क्रमांकाचे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) होते. सप्टेंबर २०२५च्या २२.२मध्ये ते ६.१४ झाले. पाठिंबा २०२९पर्यंत आहे. मी सिनॅमन डेस्कटॉप असलेली आवृत्ती पेनड्राइव्हवरून वेगवेगळ्या जुन्या मशीनवर चालवून पाहिली. येथे जुनी मशीन म्हणजे बहुतेक वेळा पुण्यातल्या कंपन्यांनी काढून टाकलेले आणि इकडे सेकंड-हँड बाजारात आलेले संगणक असतात. त्यांतल्या कित्येकांत मूळचे ग्राफिक्स कोणते आणि मागाहून बसवलेले कार्ड कोणते, हे मालकालाही ठाऊक नसते. २०१९च्या महापुरानंतर दुरुस्त झालेल्या मशीनमध्ये तर त्या वेळी जे मिळेल ते कार्ड घातलेले आढळते. आपोआप ओळखण्याच्या यंत्रणेची परीक्षा घ्यायला याहून चांगले मैदान मिळणे कठीण.

ही ओळख कशी पटते ते आधी पाहू, कारण पुढचे सगळे गुणदोष त्यातूनच आलेले आहेत. मशीन सुरू होताच पडद्यावर दिसणारे पहिले चित्र मिंटच्या ड्रायव्हरचे नसते. ते मदरबोर्डच्या फर्मवेअरने (त्यातच भरलेल्या प्राथमिक सॉफ्टवेअरने) आखून दिलेल्या साध्या चित्रपटलावर उमटते. कर्नल जागे झाले की ते पीसीआय या, मदरबोर्डला कार्डे जोडणाऱ्या मार्गिकेवरच्या प्रत्येक उपकरणाला त्याचे क्रमांक विचारते. उत्पादकाचा एक क्रमांक असतो, उपकरणाचा दुसरा आणि शिवाय ते कोणत्या प्रकारचे उपकरण आहे हे सांगणारा तिसरा. एनव्हिडियाचा उत्पादक क्रमांक १०डीई, एएमडीचा (मूळचा एटीआयचा) १००२ आणि इंटेलचा ८०८६ असतो. १९७८ सालच्या आपल्या प्रोसेसरचा आकडा इंटेलने येथेही लावून घेतला आहे. हे क्रमांक गुंफून एक ओळ तयार होते. प्रत्येक ड्रायव्हर आपण कोणकोणती उपकरणे चालवतो याची यादी सोबत घेऊन आलेला असतो. यूडेव्ह नावाची यंत्रणा ती ओळ या याद्यांशी ताडून पाहते आणि जो जुळेल तो ड्रायव्हर चढवते. सगळा प्रकार काही क्षणांत उरकतो. त्यात अंदाज नसतो आणि इंटरनेटही लागत नाही.

ज्यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी लिनक्स वापरले आहे त्यांना या सहजतेची किंमत अधिक कळेल. तेव्हा पडद्यावर चित्र मांडणाऱ्या एक्स सर्व्हर या प्रोग्रामच्या मांडणी-फाइलमध्ये ड्रायव्हरचे नाव हाताने लिहावे लागे आणि मॉनिटरच्या पुस्तिकेतून आडव्या-उभ्या कंपनसंख्यांच्या मर्यादा शोधून त्या भराव्या लागत. २०००मध्ये क्लाउस नॉपर यांनी काढलेल्या नॉपिक्सने सीडीवरून सुरू होतानाच सगळे हार्डवेअर ओळखून दाखवले, तेव्हा ती जादू वाटली होती. पुढे चित्राची मांडणी ठरवण्याचे काम एक्स सर्व्हरकडून थेट कर्नलकडे गेले. इंटेलसाठी हे मार्च २००९च्या २.६.२९ आवृत्तीत घडले, तर एनव्हिडियासाठीचा नूव्हो हा मुक्त (खुल्या स्रोताचा) ड्रायव्हर फेब्रुवारी २०१०च्या २.६.३३मध्ये कर्नलमध्ये आला. मिंटची आजची शांत सुरुवात या बदलांवर उभी आहे, आणि त्याचे श्रेय मिंटइतकेच, किंबहुना अधिकच, कर्नलवर काम करणाऱ्यांचे आहे.

इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स असलेल्या मशीनबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, आणि हीच त्यांची प्रशंसा आहे. आय-९१५ हा ड्रायव्हर चढतो, मॉनिटरचे मूळ रिझोल्यूशन मिळते आणि वर काही बसवावे लागत नाही. चित्र काढण्याचा उरलेला अर्धा भाग मेसा या संचात असतो आणि तोही आपला घटक आपणच निवडतो : चौथ्या पिढीपर्यंतच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी क्रोकस, त्यानंतरच्यासाठी आयरिस. वापरणाऱ्याला ही नावे माहीत असण्याची गरज पडत नाही. एएमडीचेही बव्हंशी असेच आहे. जुन्या कार्डांना रेडिऑन आणि नव्यांना २०१५पासून कर्नलमध्ये असलेला एएमडीजीपीयू असे दोन ड्रायव्हर आहेत, आणि त्यांतला कोणता हे वापरणाऱ्याला विचारले जात नाही. या कार्डांना ड्रायव्हरबरोबर फर्मवेअरच्या फाइलीही लागतात. मिंट त्या पेनड्राइव्हवरच देत असल्यामुळे अडचण येत नाही. डेबियनसारख्या काटेकोर लिनक्स-वितरणाने मुक्त नसलेले फर्मवेअर आपल्या अधिकृत प्रतिमेत (बसवण्यासाठी उतरवून घ्यायच्या फाइलीत) घ्यायला जून २०२३च्या १२व्या आवृत्तीपर्यंत वेळ घेतला होता, हे लक्षात घेतले म्हणजे मिंटची व्यवहारी वृत्ती उठून दिसते.

खरी कसोटी एनव्हिडियाची. सांगलीच्या बाजारात जीटी २१०, जीटी ६१०, जीटी ७१० आणि जीटी ७३० ही स्वस्त कार्डे वर्षानुवर्षे खपली. फ्लेक्सचे डिझाइन करणाऱ्याला ‘ग्राफिक्स कार्ड पाहिजे’ असे कुणीतरी सांगायचे आणि तो यांतले एखादे घ्यायचा. या चार कार्डांची घराणी वेगवेगळी आहेत आणि त्यांना एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरच्या मालिकाही वेगवेगळ्या लागतात : २१०ला ३४०, ६१०ला ३९०, ७१०ला ४७०. जीटी ७३०ची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. २०१४मध्ये आलेल्या या एकाच नावाखाली दोन भिन्न घराण्यांच्या चिपा विकल्या गेल्या. एक फर्मी घराण्यातली ९६ गणनकेंद्रांची, तर दुसरी केपलर घराण्यातली ३८४ केंद्रांची. खोक्यावरचे नाव तेच, पण पहिलीला ३९० मालिका आणि दुसरीला ४७०. दुकानदाराला विचारून हा फरक कळत नाही. मिंटला मात्र तो पहिल्या क्षणी कळतो, कारण एका चिपेचा उपकरण क्रमांक ०एफ०२ असतो आणि दुसरीचा १२८७. मार्केट यार्डात हळदीचा भाव पोत्यावरच्या नावावर ठरत नाही, कांडी मोडून आतला रंग पाहूनच ठरतो. पीसीआय क्रमांकावर चालणारी ओळख नेमके तेच करते. येथे माणसाने नाव वाचून संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून घेण्यापेक्षा यंत्रणेवर विश्वास ठेवणे निःसंशय शहाणपणाचे आहे.

मात्र ओळखणे आणि निवडणे या दोन गोष्टी मिंटने वेगळ्या ठेवल्या आहेत. सुरू होताना ते एनव्हिडियाच्या कुठल्याही कार्डावर नूव्हो चढवते. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर मागाहून ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून, इंटरनेट जोडून, आपण सांगितल्यावरच येतो. हा दोन टप्प्यांचा क्रम काहींना कमीपणाचा वाटतो. पॉप ओएस या वितरणाने एनव्हिडियासाठी प्रतिमाच वेगळी काढली, तर फेडोरामध्ये तो ड्रायव्हर मिळवण्यासाठी आरपीएम फ्यूजनसारखे बाहेरचे भांडार जोडावे लागते. माझ्या मते मिंटचा मध्यम मार्ग योग्य आहे. ज्या मशीनमध्ये काय आहे हेच माहीत नाही, त्यावर आधी चित्र दिसणे महत्त्वाचे असते. एनव्हिडियाच्या जुन्या मालिका एकमेकींच्या जागी चालत नाहीत. त्यांतली चुकीची आधीच चढवली गेली असती तर चित्र दिसण्याचीही शाश्वती उरली नसती. नूव्होचा वेग कमी आहे, हे खरे. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांच्या कार्डांना चिपेच्या घड्याळाचा (कामाच्या ठोक्यांचा) वेग वाढवण्यासाठी एनव्हिडियाने सही केलेले फर्मवेअर लागते, ते नूव्होला मिळालेले नाही. म्हणून ही कार्डे त्याच्यावर सुरुवातीच्या मंद गतीनेच चालतात. ब्राउझर, लिब्रेऑफिस यांना त्याने फरक पडत नाही. इंकस्केपमध्ये मोठे बॅनर उघडणाऱ्याला पडतो. (कोरेलड्रॉवर ज्यांचा धंदा चालतो त्यांनी मिंटकडे वळावे का, हा प्रश्न ड्रायव्हरच्या कितीतरी आधी सुटायला हवा, तो येथे घेत नाही.)

ड्रायव्हर मॅनेजर उघडला की कार्डाचे नाव आणि त्याखाली मिळू शकणाऱ्या मालिका दिसतात आणि त्यांतल्या एकीसमोर ‘शिफारस केलेला’ अशा अर्थाची खूण असते. ही खूणही त्याच क्रमांकांच्या ताळ्यातून येते : प्रत्येक ड्रायव्हर-पॅकेज आपल्याला चालणाऱ्या उपकरणांची यादी बाळगते आणि उबंटूची यंत्रणा ती मशीनशी पडताळते. शिफारस विश्वासार्ह आहे. तिच्या आजूबाजूची यादी मात्र नवख्याला गोंधळात टाकते, कारण नव्या कार्डांच्या बाबतीत एकाच मालिकेचे साधे, ‘सर्व्हर’ आणि ‘ओपन’ असे प्रकार एकाखाली एक येतात आणि त्यांतला फरक त्या खिडकीत कुठेही सांगितलेला नाही. ‘ओपन’ म्हणजे एनव्हिडियाने मे २०२२मध्ये खुले केलेले कर्नल-मॉड्यूल आणि ते ट्युरिंग व त्यापुढच्या घराण्यांवरच चालते, एवढे एक वाक्य तेथे असते तरी पुरे होते. जुन्या कार्डांची अडचण वेगळी आहे. एनव्हिडियाने ३४० मालिकेचा पाठिंबा २०१९च्या अखेरीस आणि ३९०चा २०२२च्या अखेरीस थांबवला. त्यामुळे जीटी २१० किंवा जीटी ६१० असलेल्याने नूव्होवरच समाधान मानलेले बरे.

आता दोषाकडे येतो, कारण तो एकच असला तरी नेमका सगळ्यात वाईट क्षणी समोर येतो. काही एनव्हिडिया कार्डांवर नूव्हो चढताना स्क्रीन काळा पडतो. मिंटच्या अधिकृत प्रतिष्ठापना मार्गदर्शिकेत हे मोकळेपणाने मान्य केले आहे आणि उपायही दिला आहे : पेनड्राइव्हच्या पहिल्या यादीतून ‘कॉम्पॅटिबिलिटी मोड’ निवडायचा, तेवढ्याने भागले नाही तर ‘ई’ ही कळ दाबून सुरुवातीच्या ओळीतले ‘क्वाएट स्प्लॅश’ हे शब्द काढायचे आणि तेथे ‘नोमोडसेट’ लिहायचे, म्हणजे कर्नल चित्राची मांडणी स्वतःकडे न घेता फर्मवेअरने दिलेल्या साध्या चित्रावरच काम चालवते. मिंट बसवून झाल्यावर पहिल्या सुरुवातीला हीच कसरत पुन्हा करावी लागते आणि त्यानंतर ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर घातला की प्रश्न मिटतो. उपाय चांगला आहे, पण तो ज्याला हवा आहे त्याच्यासमोर त्या वेळी फक्त काळा स्क्रीन असतो. मार्गदर्शिका दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर शोधावी लागते, आणि अशी काही मार्गदर्शिका आहे हे आधी माहीत असावे लागते.

कर्नलला कार्ड ओळखता आलेले नसते असे नाही. काळोख होण्यापूर्वीच उत्पादक, उपकरण, ड्रायव्हर हे सगळे ठरलेले असते आणि नोंदवहीत लिहिलेही गेलेले असते. ‘क्वाएट स्प्लॅश’मुळे ते संदेश मिंटच्या बोधचिन्हामागे दडतात. सुरुवातीच्या यादीतच ‘एनव्हिडियाचे कार्ड असून स्क्रीन काळा राहिला, तर पुढच्या वेळी दुसरा पर्याय घ्या’ अशी एक ओळ छापली असती, तर सांगलीतल्या कितीतरी दुकानांत ‘लिनक्स या मशीनला चालत नाही’ हा निष्कर्ष इतक्या लवकर निघाला नसता. विंडोज लागोपाठ सुरू होण्यात अयशस्वी ठरली, तर दुरुस्तीचे पान आपणहून पुढे करते, आणि कार्डाचा ड्रायव्हर नसल्यास विंडोज ८पासून असलेल्या ‘बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’वर काम चालवून अपडेटमधून खरा ड्रायव्हर आणते. पेनड्राइव्हवरून चालणारे मिंट मागची खेप फसली हे लक्षात ठेवत नाही. तो काळा स्क्रीन मराठीत बोलला नसता, हे मला मान्य आहे. कर्नलच्या साध्या मजकूर-पडद्याला देवनागरीची जोडाक्षरे मांडता येत नाहीत. पण इंग्रजीतले एक वाक्य तरी त्याने दाखवायला हवे होते.

याच्या उलट प्रकार असतो तो चित्र दिसते, पण ते प्रोसेसरने काढलेले असते, तेव्हा. ड्रायव्हर चढला नाही तरी मेसा एलएलव्हीएमपाइप या सॉफ्टवेअर-मार्गाने डेस्कटॉप उभा करते. पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते, फक्त खिडक्या सरकताना जडपणा जाणवतो आणि पंखा ओरडू लागतो. येथे सिनॅमनचे कौतुक करावे लागेल, कारण अशा वेळी ते ‘हार्डवेअरच्या मदतीशिवाय चालू आहे, प्रोसेसरवर ताण पडेल’ अशा आशयाची सूचना कोपऱ्यात दाखवते. ही सूचना अनेक जण वाचल्यावाचून बंद करतात. तसे करू नये. खात्री करायची असल्यास टर्मिनलमध्ये ‘आयएनएक्सआय’ ही आज्ञा मोठ्या ‘जी’च्या पर्यायासह दिली की कार्ड, चढलेला ड्रायव्हर आणि चित्र काढणारा घटक एकाच जागी दिसतात.

एका गैरसमजाबद्दलही लिहिले पाहिजे. रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८वर अडकले की लोक ड्रायव्हरला दोष देतात, पण पुष्कळदा तो बरोबर चढलेला असतो आणि मॉनिटरची ओळख पटलेली नसते. मॉनिटर आपली माहिती १२८ बाइटांच्या एका छोट्या नोंदीत सांगतो आणि व्हीजीए केबलमध्ये ती बाराव्या व पंधराव्या पिनेतून येते. बाजारातल्या एका बिननावाच्या केबलमध्ये या पिनाच नव्हत्या. अशा केबलवर कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम अंदाजानेच चालते. केबल बदलताच त्याच मशीनवर, त्याच ड्रायव्हरवर पूर्ण रिझोल्यूशन मिळाले.

सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेले सॉफ्टवेअर सुरुवातीला चढू न देणारी व्यवस्था) चालू असलेल्या, त्यातल्या त्यात नव्या मशीनवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर घालताना आणखी एक पायरी येते. ड्रायव्हरचे कर्नल-मॉड्यूल त्या मशीनवरच बांधले जात असल्यामुळे त्याच्या सहीची किल्ली फर्मवेअरला ओळखीची करून द्यावी लागते. मिंट एक पासवर्ड ठरवायला सांगते आणि पुढच्या सुरुवातीला निळ्या पडद्यावर किल्ली नोंदवण्याचा पर्याय येतो. तो काही सेकंदच थांबतो. चुकला तर ड्रायव्हर चढत नाही. ही व्यवस्था सुरक्षिततेच्या दृष्टीने रास्त आहे, पण त्या निळ्या पडद्याची पूर्वकल्पना अधिक ठळकपणे द्यायला हवी.

नवे मशीन घेणाऱ्यांनी कर्नलचे वय पाहावे. ६.८ हे कर्नल मार्च २०२४चे आहे; त्यानंतर बाजारात आलेल्या कार्डाचा क्रमांक त्याच्या याद्यांमध्ये असण्याची शक्यता कमी, म्हणून अशा मशीनवर थेट २२.२ किंवा त्यापुढची आवृत्ती वापरावी. जुने कार्ड सेकंड-हँड घेणाऱ्यांसाठी मुद्दा वेगळा आहे. सध्या ज्यांची बरीच खरेदी-विक्री होते त्या जीटीएक्स ७५० टीआय आणि १०५० टीआय यांच्यासाठी ५८० ही एनव्हिडियाची शेवटची मालिका ठरली आहे. कार्ड चालेल, पण त्याच्या किमतीत ही गोष्ट धरली पाहिजे. दुकानात पैसे देण्यापूर्वी मिंटचा पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करून दाखवायला सांगावे; कोणताही प्रामाणिक दुकानदार त्याला हरकत घेणार नाही.

आणि ज्या मशीनमध्ये चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर अंगभूत ग्राफिक्ससह असून वर जीटी २१० बसवलेले आहे, तेथे मिंटची शिफारस शोधत बसू नये. मशीन बंद करावे, ते कार्ड काढून ठेवावे आणि मॉनिटरची केबल सरळ मदरबोर्डच्या जोडणीत लावावी. प्रोसेसरमधले ग्राफिक्स त्या कार्डाहून वेगवान आहे आणि त्यासाठी लागणारा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आधीपासूनच आहे.